घराण्याबाहेरचे खाँसाहेब

मराठी संगीत रंगभूमीवर नावारूपाला आलेल्या बहुतेक गायकनटांची वाटचाल एकाच धाटणीची दिसते. मिसरूड फुटण्यापूर्वी नाटक कंपनीत दाखल व्हायचे, कंपनीच्या बिऱ्हाडात वाढायचे, आधी किरकोळ आणि मग नायिकेच्या किंवा नायकाच्या भूमिका करायच्या, आणि पंचविशीच्या आत महाराष्ट्राच्या गळ्यातला ताईत व्हायचे. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, छोटा गंधर्व ही नावे सहज आठवतात. डॉ. वसंतराव देशपांडे यांचे चरित्र मात्र या चौकटीत बसत नाही. संगीत नाटकातील त्यांची खरी कारकीर्द सुरू झाली ती वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. लष्करी हिशेबाच्या कचेरीत जवळपास दोन तपे लेखणी झिजवल्यानंतर आणि देशाच्या पार ईशान्य टोकाला बदलीचा वनवास भोगून परतल्यानंतर ते रंगभूमीवर उभे राहिले. जी भूमिका त्यांच्या वाट्याला आली तीही परक्या मुलखातून पोटासाठी आलेल्या एका गवयाचीच होती.

नागपूरकरांना त्यांचे नाव रोजच्या व्यवहारात भेटते. सिव्हिल लाइन्समधील सभागृहाला त्यांचे नाव आहे, आणि नागपुरात मुख्यालय असलेले दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र त्यांच्या स्मृत्यर्थ संगीत समारोह भरवते. परंतु नाव इतके परिचयाचे झाले की त्यामागचा माणूस झाकला जातो. हा माणूस या शहरात कसा आला, येथून काय घेऊन गेला आणि हक्काचे स्थान मिळायला त्याला आयुष्याचा एवढा मोठा भाग का खर्चावा लागला, हे पुन्हा एकदा पाहण्यासारखे आहे.

माय-लेकरांचे नागपूर

वसंतरावांचा जन्म २ मे १९२० रोजी अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे झाला. घर वऱ्हाडातले, खातेपिते. पण त्या घराचे सुख या मुलाच्या नशिबी नव्हते. त्यांच्या मातोश्री राधाबाई लहानग्या वसंताला घेऊन सासरचा उंबरठा ओलांडून बाहेर पडल्या आणि नागपुरात आल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या ब्राह्मणी समाजात एका स्त्रीने सासर सोडून, स्वतःच्या कष्टावर मुलाला वाढवण्याचा निर्णय घेणे ही केवढी धाडसाची गोष्ट होती, याची आज नीट कल्पनाही करता येणार नाही. त्या बाईंनी पुन्हा मागे वळून पाहिले नाही. वसंतरावांच्या आयुष्यातले पहिले स्थलांतर हे असे, आईचे बोट धरून झालेले.

त्या काळचे नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती. भोसल्यांच्या काळापासून येथे मराठी रुजलेली. पण बाजारात, कचेरीत आणि मोहल्ल्यांत हिंदी आणि उर्दू तितकीच कानी पडणारी. पुणे-मुंबईच्या मराठी मुलाला हिंदुस्थानी भाषा बहुधा शिकावी लागे. नागपूरच्या मुलाच्या कानावर ती आपसूक पडत असे. पुढे रंगमंचावर खाँसाहेबांची जबान उभी करताना या संस्कारांचा उपयोग झालाच नसेल, असे म्हणवत नाही.

या शहरात शंकरराव सप्रे यांचे श्रीराम संगीत विद्यालय होते. सप्रेगुरुजी ग्वाल्हेर परंपरेतले. त्यांच्यापाशी वसंतरावांच्या गाण्याचा पाया घातला गेला. याच गुरुजींच्या शिष्यांमध्ये राम चितळकर नावाचा आणखी एक मुलगा होता, जो पुढे सी. रामचंद्र या नावाने हिंदी चित्रपटसंगीताच्या शिखरावर पोहोचला. एकाच विद्यालयातून अशी दोन अगदी भिन्न प्रवृत्तींची माणसे बाहेर पडावीत, यातच त्या गुरूच्या शिकवण्याचे मोठेपण आहे.

मुलाचा गळा लवकरच जाणकारांच्या नजरेत भरला. भालजी पेंढारकरांनी १९३५ साली पडद्यावर आणलेल्या 'कालियामर्दन' या बोलपटात पंधरा वर्षांच्या वसंताने कृष्णाची भूमिका केली. एखाद्या मुलाचे भाग्य उजळण्यास एवढी संधी पुरेशी ठरली असती. पण ती वाट पुढे सरकली नाही. बोलपटांचा बहर सुरू झाला होता आणि त्याच बहराने नाटक कंपन्यांची दाणादाण उडवली होती. 'आलम आरा' १९३१ साली आला, 'अयोध्येचा राजा' १९३२ साली. पाठोपाठ एकेका कंपनीचे पडदे कायमचे गुंडाळले गेले. कंपन्यांच्या वैभवाच्या काळात जन्माला आलेल्या या मुलाचा गळा तयार होईपर्यंत त्याच्यासाठी कंपनीच उरली नव्हती.

लाहोरचा मारवा

वसंतरावांचे मामा लाहोरला होते. त्यांच्याकडे गेले असता तेथे त्यांना उस्ताद असद अली खाँ भेटले. फकिरी वृत्तीचा हा गवई पतियाळा परंपरेतला. त्यांनी या मराठी मुलाला शिकवले ते प्रामुख्याने एकाच रागाच्या आधारे. महिन्यामागून महिने फक्त मारवा. षड्जाला सहजी टेकू न देणारा, सतत हुरहुर लावणारा, संधिप्रकाशातला हा राग. एका रागाच्या पोटातून सारे संगीत कसे पाहता येते, स्वरांच्या जागा कशा शोधायच्या आणि विस्ताराला अंत कसा नसतो, हे त्या एका रागाने त्यांना दिले. पुढे आयुष्यभर वसंतरावांचा मारवा हा रसिकांच्या दृष्टीने एक अपूर्व अनुभव होऊन राहिला.

लाहोर तेव्हा संगीताचे मोठे केंद्र होते. १९४७ नंतर ते परदेश झाले. वसंतरावांच्या गाण्याचा एक धागा अशा रीतीने सीमेपलीकडे राहिला.

या दोन विद्यांवर ते थांबले नाहीत. पुण्यात आल्यावर किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने यांच्याकडे ते शिकले. भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद अमान अली खाँ आणि त्याच परंपरेतील अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही त्यांनी विद्या घेतली. आणि या साऱ्यांच्या आधीपासून त्यांच्या मनावर ठसा होता तो मास्टर दीनानाथांचा. दीनानाथांच्या गाण्यातली बिजलीसारखी तान, स्वरावरून स्वरावर घेतलेली धाडसी झेप, लयीशी केलेली झोंबी हे सारे वसंतरावांनी आपल्या गळ्याच्या धर्मानुसार आत्मसात केले. दीनानाथ १९४२ साली अकाली गेले. त्यांच्या गायकीचा वारसा सांगणाऱ्यांत, त्यांच्या कुटुंबाबाहेर, वसंतरावांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

इतक्या ठिकाणांहून विद्या मिळवणे ही आज अभिमानाची गोष्ट वाटते. त्या काळी ती अडचणीची होती. घराण्याचा शिक्का हा गवयाचा परवाना होता. अमक्याचा गंडा बांधला आहे, अमक्या घराण्याचा आहे, एवढे सांगितले की अर्धी मैफल जिंकली जात असे. वसंतरावांना असे एकच नाव सांगता येत नव्हते. आपले घराणे आपल्यापासूनच सुरू होते, अशी भूमिका त्यांनी पुढे घेतली. ती मिश्किलपणे सांगितली जात असली तरी तिच्यामागे बरीच वर्षे सोसलेले एकटेपण होते. त्यांचे गाणेही ऐकणाऱ्याला सुखासुखी हाती लागणारे नव्हते. तान कोठून उठेल, लय कोठे मोडेल आणि समेवर कशी येईल, याचा अंदाज बांधता येत नसे. काहींना त्या गाण्यात विलक्षण प्रतिभा दिसली, तर काहींना केवळ अस्वस्थपणा.

हिशेबाच्या वह्या

पोट मात्र घराण्यासाठी थांबत नाही. चाळीसच्या दशकाच्या आरंभी वसंतराव पुण्यात लष्कराच्या लेखा विभागात, ज्याला पुणेकर मिलिटरी अकाउंट्स म्हणून ओळखतात, तेथे कारकुनीस लागले. महायुद्धाचे दिवस होते आणि लष्करी कचेऱ्यांत भरती होत होती. शहरातल्या असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांना या खात्याने स्थैर्य दिले. वसंतरावांनाही दिले. त्याची किंमतही वसूल केली.

दिवसा जमाखर्चाचे तक्ते आणि संध्याकाळी तंबोरा, असे हे दुहेरी आयुष्य जवळपास चोवीस वर्षे चालले. या काळात त्यांचे गाणे थांबले नव्हते. मैफली होत, आकाशवाणीवर गायन होई. ते तबलाही उत्तम वाजवत. पु. ल. देशपांडे यांच्याशी त्यांचे मैत्र याच पुण्यातले. पुलंनी १९५३ साली केलेल्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटासाठी वसंतराव गायले. मित्रमंडळींच्या बैठकीत तर त्यांच्या प्रतिभेला उधाण येत असे. पण बैठकीतली कीर्ती आणि व्यवसायातले स्थान यांत फार अंतर असते. दौऱ्यावर जायचे तर रजा हवी आणि रात्रभर गायले तरी सकाळी हजेरीपटावर सही हवी. सवाई गुणांचा हा गवई जगाच्या लेखी हौशीच राहिला होता.

भारतातल्या कलावंतांच्या चरित्रांत ही नोकरीची पाने बहुधा घाईने उलटली जातात. तसे करणे अन्यायाचे आहे. संस्थाने विलीन झाली होती, दरबारी आश्रय संपला होता, नाटक कंपन्या बुडाल्या होत्या. आकाशवाणी हा एक नवा आधार होता, पण तो सर्वांना पुरणारा नव्हता. अशा वेळी ज्याच्यावर घर अवलंबून आहे, ज्याने लहानपणी आईची ओढाताण पाहिली आहे, त्या माणसाने महिन्याच्या पगारावर पाणी सोडणे सोपे नव्हते. वसंतराव नोकरीत राहिले याचे कारण त्यांचे गाण्यावरचे प्रेम कमी होते, असे कोणी म्हणू नये.

आणि मग बदलीचा हुकूम आला. ठिकाण नेफा. म्हणजे ईशान्य सीमेवरचा तो डोंगराळ प्रदेश, जो पुढे अरुणाचल म्हणून ओळखला जाऊ लागला. १९६२ च्या चिनी आक्रमणाने हे नाव घराघरांत पोहोचवले होते. लष्कर जेथे जाते तेथे त्याचा हिशेबही जातो, आणि हिशेबामागे कारकूनही. पुण्याच्या मैफली, मित्र, गुरुबंधू, ऐकणारे कान या सगळ्यांपासून शेकडो कोसांवर वसंतराव जाऊन पडले. राजाज्ञेने देशाबाहेर घालवलेल्या कलावंताच्या कथा आपण युरोपच्या इतिहासात वाचतो. येथे राजाज्ञा म्हणजे एक साधा टंकलिखित कागद होता आणि हद्दपारी देशाच्या सीमेच्या आतलीच होती. परंतु ज्याचे गाणे समोरच्या रसिकाच्या दादेवर जगते, त्याला याहून निराळा विजनवास तो कोणता?

त्या मुक्कामाने एक गोष्ट स्पष्ट केली असावी. नोकरी आणि गाणे यांचा मेळ आपण घालत आलो तो एका शहराच्या आधाराने. ते शहर काढून घेतले तर उरते फक्त नोकरी. तेथून परतल्यानंतर वसंतरावांनी निवृत्तीचे वय होण्याची वाट न पाहता नोकरीला रामराम ठोकला. वय पंचेचाळिशीच्या घरात. बहुतेक माणसे ज्या वयात निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडतात, त्या वयात हा हिशेबनीस पूर्णवेळ गवई झाला.

विश्रामपूरला आलेला परका

त्या सुमारास मराठी संगीत रंगभूमीला पुन्हा पालवी फुटत होती. विद्याधर गोखले यांचे 'पंडितराज जगन्नाथ' १९६० साली आले, त्याला वसंत देसाई यांचे संगीत होते. १९६३ साली 'मंदारमाला'ने राम मराठ्यांच्या गायनाला रंगमंच दिला. १९६४ साली वसंत कानेटकरांच्या 'मत्स्यगंधा'ने एक नवा संगीतकार महाराष्ट्राला दिला. तो म्हणजे पंडित जितेंद्र अभिषेकी. गोव्याच्या मंगेशीत, पोर्तुगीज अमलात जन्मलेला, गाव सोडून पुणे-मुंबईत गाणे शिकलेला आणि मुंबई आकाशवाणीवर नोकरी केलेला हा तरुण. अनेक गुरूंकडून विद्या घेतलेला तोही होताच. रात्र रात्र चालणारे, पदांमागून पदांचे आणि वन्समोअरांचे नाटक आता चालणार नाही, पदे मोजकी हवीत आणि ती पात्राच्या स्वभावातून उगवायला हवीत, हे अभिषेकींनी ओळखले होते.

नाटककार होते नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर. रंजन कला मंदिर या संस्थेच्या द्वारे त्यांनी नागपुरात नाट्यचळवळ उभी केली होती आणि आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरही काम केले होते. अवघ्या विदर्भाला ते दारव्हेकर मास्तर म्हणून परिचित. त्यांनी लिहिलेले 'कट्यार काळजात घुसली' हे संगीत नाटक प्रभाकर पणशीकर यांच्या नाट्यसंपदा या संस्थेने रंगमंचावर आणले. दिग्दर्शन मास्तरांचेच होते. पहिला प्रयोग झाला २४ डिसेंबर १९६७ रोजी. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये बालगंधर्वांनी या जगाचा निरोप घेतला होता. एक युग संपल्याची हळहळ अजून ताजी होती.

नाटकाची कथा विश्रामपूर नावाच्या संस्थानात घडते. तेथे पंडित भानुशंकर हे राजगायक. त्यांच्यासमोर उभे ठाकतात खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले. दूर बरेलीहून, पोटाची आणि मानाची भूक घेऊन आलेला हा गवई. विद्या अस्सल आहे, रियाज अफाट आहे. पण येथे त्याला कोणी ओळखत नाही. राजगायकाला मिळणारी कट्यार आणि तिच्यासोबत येणारा एक खून माफ असण्याचा अधिकार खाँसाहेबांकडे येतो खरा, पण मनःशांती येत नाही. आपल्या घराण्याची गायकी दुसऱ्या कोणाच्या गळ्यात जाऊ नये, या अट्टाहासाने ते ग्रासलेले आहेत. पंडितजींचा शिष्य सदाशिव जेव्हा त्यांची विद्या चोरून का होईना मिळवू पाहतो, तेव्हा तो अट्टाहास कसोटीला लागतो.

वसंतरावांनी खाँसाहेब उभे केले. भार्गवराम आचरेकर पंडितजी होते, प्रसाद सावकार सदाशिव आणि फैयाज झरीना. आणि मराठी रंगभूमीने क्वचितच पाहिलेला एक योग जुळून आला. नट गाऊ शकतो किंवा गवई अभिनय करू शकतो, एवढ्यापुरता तो नव्हता. ही भूमिका करणाऱ्याच्या गाण्यावर त्या पात्राचे सारे सत्य अवलंबून होते. राजगायकाला हरवण्याची ताकद प्रेक्षकाला कानांनी पटायला हवी. संवादांनी ती पटवता येत नाही. वसंतरावांचा आवाज लागताच ती पटत असे.

अभिषेकींनी या नाटकात संगीतालाच नाट्य करायला लावले. पंडितजींची गायकी शांत, भावाला जपणारी, प्रार्थनेसारखी. खाँसाहेबांची गायकी आक्रमक, तानांच्या लडी उलगडणारी, समोरच्याला आव्हान देणारी. एकच पद दोन चालींत बांधून त्यांनी हा भेद प्रेक्षकांच्या कानांत कायमचा कोरला. पंडितजींच्या मुखी ते संथपणे उमलते. खाँसाहेबांच्या मुखी तेच शब्द चक्री वादळासारखे फिरू लागतात. दोन घराणी म्हणजे काय, हे ज्याला संगीतशास्त्राचा गंध नाही अशा प्रेक्षकालाही त्या दहा मिनिटांत उमगे. आणि या दुसऱ्या चालीसाठी जो गळा हवा होता तो वसंतरावांचा होता. ज्या अनपेक्षित तानांनी मैफलीतले काही श्रोते बिचकत, त्याच ताना येथे पात्राचा स्वभाव होऊन गेल्या. गाणे तेच राहिले होते. त्याला योग्य चौकट मिळाली होती.

येथे नियतीचा एक विलक्षण खेळ दिसतो. ज्या गवयाला एक घराणे सांगता येत नव्हते, त्याला अमर कीर्ती मिळाली ती घराण्याच्या अभिमानापायी आंधळ्या झालेल्या खाँसाहेबांच्या वेषात. वसंतरावांना ही भूमिका आतून उमजली असेल तर नवल नाही. घराण्याच्या बंद दरवाजाबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे ते सदाशिवच्या बाजूने जाणत होते. आणि परक्या गावात आपली विद्या सिद्ध करण्याची जिद्द काय असते, हे खाँसाहेबांच्या बाजूने. म्हणूनच त्यांचे खाँसाहेब खलपुरुष झाले नाहीत. त्यांच्या रागाला कळ होती, ताठ्याच्या तळाशी असुरक्षितता होती. पडदा पडताना प्रेक्षकाच्या मनात त्यांच्याविषयी द्वेष उरत नसे.

कीर्तीची सोळा वर्षे

'कट्यार'नंतर वसंतरावांच्या नावाला सर्व दारे उघडी झाली. हिशेबनिसाची ओळख मागे पडली. त्यांच्या मैफलींना गर्दी होऊ लागली आणि ज्या गायकीला अस्वस्थ म्हटले गेले होते तिची नक्कल करणारे तरुण गावोगाव दिसू लागले. राजकल्याणसारखा राग त्यांनी आपल्या नावाशी जोडला. ठुमरी, दादरा, नाट्यपद, भावगीत, लावणीचा ठसका, कशालाही त्यांनी कमी लेखले नाही. मराठी नाट्यसंगीत कसे घडत गेले, हे सांगणारी त्यांची सप्रयोग व्याख्याने रसिकांना मेजवानी वाटत. एकाच बैठकीत जुन्या गायकनटांच्या शैली ते गळ्यातून अशा उभ्या करत की ऐकणाऱ्याला अर्ध्या शतकाचा प्रवास घडावा. कंपनीच्या युगात ज्याला जागा मिळाली नव्हती, त्यानेच त्या युगाची स्मृती नव्या पिढीपर्यंत पोहोचवली.

१९७९ साली राजदत्त यांचा 'अष्टविनायक' हा चित्रपट आला. लेकीला सासरी पाठवताना बापाच्या मनात होणारी कालवाकालव त्यातील एका गीतात वसंतरावांच्या आवाजात उमटली. लग्नघरात ते गाणे लागले की आजही डोळे पाणावतात. शास्त्रीय संगीताशी ज्यांचा सुतराम संबंध नाही, अशा घरांतही वसंतरावांचा आवाज त्या गाण्याने नेऊन पोहोचवला.

१९८२ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा पुरस्कार देऊन गौरव केला. कीर्ती आता स्थिर झाली होती. पण मधल्या काळात हिशेबाच्या वह्यांनी खाल्लेली वर्षे परत येणार नव्हती. ३० जुलै १९८३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे त्रेसष्ट होते. 'कट्यार'च्या पहिल्या प्रयोगापासून मोजले तर पूर्णवेळ कलावंत म्हणून त्यांना जेमतेम सोळा वर्षे मिळाली. बालवयात कंपनीत गेलेल्या गायकनटांना याच्या दुप्पट-तिप्पट काळ लाभला होता. त्या सोळा वर्षांत त्यांनी जे केले ते पाहता, उरलेली चोवीस वर्षे आपण काय गमावले, हा प्रश्न मनाला टोचल्याशिवाय राहत नाही.

पुढच्या पिढीच्या गळ्यात

खाँसाहेबांना भीती होती ती विद्या बाहेर जाण्याची. वसंतरावांच्या बाबतीत झाले ते नेमके उलट आणि सुखाचे. त्यांची गायकी एका घरात कोंडून राहिली नाही. शिष्यांनी ती जपली, ध्वनिमुद्रिकांवरून कित्येकांनी ती अभ्यासली. त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी 'कट्यार'चे पुनरुज्जीवन करून खाँसाहेबांची भूमिका रंगमंचावर पेलली. २०१५ साली सुबोध भावे यांनी या नाटकावर चित्रपट केला. त्यात खाँसाहेबांची भूमिका सचिन पिळगांवकर यांनी केली आणि त्यांच्यासाठी आवाज दिला तो राहुल यांनी. 'अष्टविनायक'चे नायक सचिनच होते, हाही एक योगायोगच. २०२२ साली 'मी वसंतराव' हा निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित चरित्रपट प्रदर्शित झाला. आजोबांची भूमिका नातवाने केली आणि त्यातील गायनासाठी राहुल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

हे सारे आनंदाचे आहे. परंतु वसंतरावांच्या आयुष्याकडे केवळ उशिरा का होईना फळाला आलेली तपश्चर्या म्हणून पाहिले, तर त्यातला बोचरा भाग निसटून जातो. त्यांना वाचवले ते कोणत्या राजाने नाही, शासनाने नाही, घराण्याने तर नाहीच. ते काम केले एका नाटकाने. नागपूरचा एक नाटककार, गोव्याचा एक संगीतकार, मुंबईचा एक निर्माता आणि वऱ्हाडात जन्मलेला, नागपुरात वाढलेला, लाहोरला घडलेला, पुण्यात कारकुनी केलेला एक गवई. ज्याची त्याची मुळे वेगळ्या मातीतली. यांना एकत्र आणण्याचे सामर्थ्य तेव्हाच्या संगीत रंगभूमीत होते, म्हणून ते घडले. ती रंगभूमी त्या वेळी पालवली नसती, तर मिलिटरी अकाउंट्समधून निवृत्त झालेले एक गृहस्थ बैठकीत फार सुंदर गात असत, एवढीच आठवण चार जाणकारांत उरली असती.

आज संगीत नाटकाचे प्रयोग मोजकेच होतात. ते बहुधा जुन्या नाटकांचे असतात, आणि नव्या संगीत नाटकासाठी खर्च उचलणारा निर्माता सापडणे कठीण झाले आहे. दिवसा कचेरीत हिशेब लिहून संध्याकाळी तंबोरा जुळवणारे गवई आजही आपल्या आसपास असतीलच. सिव्हिल लाइन्समधल्या त्या सभागृहात वसंतरावांच्या नावाने समारोह भरतो, तेव्हा नामवंतांना ऐकायला आपण आवर्जून जातो. ज्याला अजून नाव नाही, शिक्का नाही, ओळख सांगायला घराणे नाही, त्याला कधीतरी त्याच मंचावर एक संध्याकाळ मिळाली, तर वसंतरावांचे स्मरण अधिक सार्थ होईल.